ताण हाडाला की मनाला? व्यायाम करताना दुखलं तर काय समजावं

पहाटे साडेपाचला पाटणहून कराडच्या दिशेनं निघालात, तर रस्त्याच्या कडेनं पळणारी मुलं-मुली हमखास दिसतील. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी अग्निवीरची. उजाडलं की त्याच रस्त्यावर दुसरी पाळी सुरू होते. शुगर-बीपी निघालेले आणि 'रोज चाला' असं माझ्यासारख्या डॉक्टरनं सांगितलेले काका-काकू चालायला बाहेर पडतात. या दोन्ही पाळ्यांतले काही जण महिन्या-दोन महिन्यांत माझ्या दवाखान्यात येतात आणि तक्रार एकच असते : "डॉक्टर, व्यायाम सुरू केला आणि दुखायला लागलं."

अशा वेळी रुग्णाला दोनच उत्तरं मिळतात, असा माझा अनुभव आहे. एक, "काहीतरी फाटलंय, तुटलंय, आता बंद करा." दुसरं, "काही नाही, टेन्शन घेताय, चालू ठेवा." दोन्ही उत्तरं घाईची आहेत. मी स्वतः ही दोन्ही उत्तरं दिली आहेत आणि त्यातलं एक मला अजून टोचतं. तिथूनच सुरुवात करतो.

दोन रुग्ण

काही वर्षांपूर्वी विशीतला एक मुलगा आला होता. नडगी दुखत होती. भरती तीन आठवड्यांवर आलेली, घरात कर्ज, रात्री झोप नाही, जेवणावर लक्ष नाही. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "अरे, हाडाला काही नाही. तू ताण घेतलायस. मन घट्ट कर." त्यानं माझा शब्द मानला. दुखणं दाबून पळत राहिला. पळण्याआधी कुणाच्या तरी सल्ल्यानं दुखण्याचं इंजेक्शनही घेत होता, हे मला नंतर समजलं. एक दिवस सराव करताना तो खाली बसला तो उठलाच नाही. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला चीर दिसली. त्या वर्षीची भरती गेली, आणि पुढच्या वर्षी सैन्यासाठीची वयाची अट ओलांडली होती.

दुसरे एक काका. आपल्या तालुक्यातले कितीतरी लोक मुंबईला माथाडी कामगार म्हणून राबले, त्यांतलेच एक. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, निवृत्त होऊन गावी आले. शुगर निघाली म्हणून चालायला लागले आणि कंबर धरली. एमआरआय केला. रिपोर्टमध्ये 'गादी सरकली आहे, मणक्यांची झीज आहे' असं आलं. काकांनी चालणं बंद केलं, वाकणं बंद केलं, नातवाला उचलणं बंद केलं. आठ महिन्यांनी माझ्याकडे आले तेव्हा शुगर दुप्पट झाली होती. मी विचारलं, "गावच्या यात्रेत गेला होतात का?" म्हणाले, "हो, पालखीबरोबर रात्रभर होतो." "तेव्हा दुखली कंबर?" काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाही दुखली खरी." आणखी बोलल्यावर कळलं की कंबर धरली त्याच महिन्यात भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद झालं होतं.

मुलाला इजा होती आणि त्याला 'ताण' सांगितला गेला. काकांच्या दुखण्यात ताणाचा वाटा मोठा होता आणि त्यांना 'इजा' सांगितली गेली. एकाचं हाड गेलं, दुसऱ्याची आठ महिन्यांची तब्येत गेली. म्हणून हा फरक ओळखणं ही फक्त डॉक्टरांची गोष्ट नाही. तुमच्याही हातात त्यातलं बरंच आहे.

एकाच शब्दाचा घोटाळा

आपल्या भाषेत 'ताण' हा शब्द दोन्हीकडे चालतो. दोरीला ताण, स्नायूला ताण आणि मनालाही ताण. वैद्यकातही तसंच झालंय. त्या मुलाला जे झालं त्याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. त्यातल्या 'स्ट्रेस'चा टेन्शनशी संबंध नाही. तोच भार हाडावर पुन्हापुन्हा पडत राहिला आणि हाडाला स्वतःची डागडुजी करायला वेळ मिळाला नाही, की केसासारखी चीर पडते. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं १८५५ मध्ये लांब पल्ल्याचं संचलन करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन केलं होतं. तेव्हा एक्स-रे नव्हते. त्या सुजेमागे मोडलेलं हाड आहे हे एक्स-रे आल्यावर, १८९७ मध्ये दिसलं. आजही या चिरा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाहीत. मी फसलो तो इथेच.

घराला तडा आणि मनातली धास्ती

मनाच्या ताणानं दुखतं म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या भागातल्या माणसाला हे समजावायला मला कोयनेच्या भूकंपाचं उदाहरण सोपं वाटतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. माझा जन्म नंतरचा, पण आमच्या घरात त्या रात्रीच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. माझी आई पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि भांडी वाजली तरी दचकून दाराकडे धावायची. तिची भीती खोटी नव्हती. छातीतली धडधड खरी होती, हातापायांचा कंप खरा होता. फक्त त्या क्षणी घराला धोका नव्हता.

शरीराची धोक्याची घंटा अशीच असते. दुखणं स्नायूत किंवा हाडात 'तयार' होत नाही. तिथून फक्त संदेश निघतो. तो किती धोक्याचा मानायचा आणि किती मोठ्यानं घंटा वाजवायची, हे मेंदू ठरवतो. आधीची इजा, भीती, अपुरी झोप, घरातली काळजी यांनी ती घंटा हळवी होते. मग चिमूटभर संदेशालाही ती मोठ्यानं वाजते, कधी कधी संदेश नसतानाही वाजते.

१९९५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गंमतशीर प्रसंग छापून आला होता. एका बांधकाम कामगारानं उडी मारली आणि १५ सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. तो वेदनेनं तळमळत होता. खिळा जरा हलला तरी सहन होईना, म्हणून त्याला गुंगीची औषधं द्यावी लागली. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला! पायाला ओरखडाही नव्हता. तो नाटक करत होता का? अजिबात नाही. त्याच्या मेंदूनं डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि पूर्ण जोरानं घंटा वाजवली.

म्हणून माझं पहिलं सांगणं : ताणाचं दुखणं हे खोटं दुखणं नसतं. 'मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे, मग ते डॉक्टर का असेनात. आणि दुसरं सांगणं तितकंच महत्त्वाचं : भूकंपानंतर माणूस आधी घराच्या भिंती बघतो, तडा नाही ना याची खात्री करतो, मगच घरात झोपतो. दुखण्याचंही तसंच. आधी इजा तपासायची, मग ताणाचा विचार करायचा. हा क्रम उलटा करू नका. मी केला होता.

इजेचं दुखणं हिशेब ठेवतं

इतक्या वर्षांत मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न साधा आहे : तुमच्या दुखण्याला हिशेब कळतो का?

इजेचं दुखणं सहसा पक्क्या हिशेबाचं असतं. भार वाढला की ते वाढतं, भार कमी केला की कमी होतं. सोमवारी दोन किलोमीटरनंतर दुखलं, तर गुरुवारी दीड किलोमीटरला दुखतं, पुढच्या आठवड्यात चालतानाही दुखतं. त्याची जागा ठरलेली असते.

स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये रुग्ण बहुधा एका बोटानं जागा दाखवतो आणि तिथं दाबलं की कळ जाते. त्या पायावर एकट्यानं उडी मारवत नाही. पुढे पुढे रात्री झोपेतही ठणकतं. याउलट नडगीच्या आतल्या कडेनं चार-पाच बोटं लांबीत पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा हाडाच्या कडेच्या सुजेचं असतं. तीही इजाच, पण आधीची पायरी. तिथं थांबलात तर चीर टळते. पळणाऱ्या मुला-मुलींना जांघेत किंवा खुब्यात दुखलं, तर मात्र एक दिवसही पळू नका. खुब्याच्या हाडाला पडलेली चीर पूर्ण मोडली तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर राहत नाही. मुलींची पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, जेवण कमी पडत असेल, तर हाडं लवकर दगा देतात. हे लाजून लपवू नका.

ताणाच्या दुखण्याचा हिशेब जुळत नाही. सोमवारी तीन किलोमीटर चाललात आणि काही झालं नाही. मंगळवारी बूट घालतानाच दुखायला लागलं. आज उजवा गुडघा, परवा डावा, मग मान. लग्नात चार तास उभं राहिलं तरी चालतं, पण 'व्यायाम' म्हणून पाच मिनिटं चाललं की दुखतं. पडलो, मुरगळलं असं काही आठवत नाही, पण त्या सुमारास घरात काय चाललं होतं ते लख्ख आठवतं. तीन-चार महिने उलटले तरी दुखणं तसंच आहे, जोडीला डोकेदुखी, पोटाची कुरकुर, तुटक झोप. यातली बरीच लक्षणं जुळत असतील, तर घंटा हळवी झाल्याची शक्यता जास्त.

पण या खुणांनी फसू नका

हा हिशेब मदतीला आहे, निदानाला नाही. काही खऱ्या आजारांतही तो पहिल्या नजरेला जुळत नाही.

टाचेमागच्या जाड शिरेची दुखापत सकाळी जास्त दुखते, थोडं चाललं की 'मोकळी' होते आणि दुसऱ्या दिवशी दाम दुप्पट वसूल करते. चालल्यावर बरं वाटतं म्हणून तो ताण ठरत नाही.

विडी-तंबाखू असलेल्या माणसाची पोटरी ठरावीक अंतर चाललं की दुखते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते. तिथं पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. मणक्यातली जागा अरुंद झाली असेल तर उभं राहून आराम पडत नाही, बसल्यावर किंवा पुढं वाकल्यावर पडतो.

अंगभर दुखतंय, जागा बदलतेय, थकवा आहे, म्हणून लगेच 'टेन्शन' म्हणू नका. थायरॉइड कमी असणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही स्नायू दुखतात. एवढं तपासणं अवघड नाही.

नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणं ही इजाही नाही आणि ताणही नाही. ते शरीराचं सवय करून घेणं आहे. मात्र फार जोराच्या व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तातडीनं दवाखाना गाठा. स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर भार येतो.

इथे वहीही उघडायची नाही

पुढीलपैकी काहीही असेल तर इजा की ताण हा विचार न करता त्याच दिवशी, गरज पडली तर त्याच तासाला डॉक्टरकडे जा.

• चालताना किंवा चढ चढताना छातीत दाब, जळजळ, जबडा, खांदा किंवा हातात कळ, दम लागणं, घाम, चक्कर. ईसीजी एकदा नॉर्मल आला म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. दातेगड चढताना छाती भरून आली आणि खाली आल्यावर बरं वाटलं, हे गॅसचं लक्षण समजू नका.
• कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा.
• एकाच पोटरीला सूज आणि दुखणं.
• सांधा सुजणं, अडकणं, पाय टेकवता न येणं.
• दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं, रात्रभर न थांबणारा ठणका, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं.

रिपोर्ट वाचून घाबरू नका

काकांच्या रिपोर्टकडे परत येतो. अजिबात पाठ न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ३,११० माणसं. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत. गादी बाहेर आल्याचं विशीत ३० टक्के आणि पन्नाशीत ६० टक्के. आणि यांच्यापैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती! केस पांढरे होतात तशा गाद्याही पिकतात. रिपोर्टमध्ये बदल दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. लक्षणं, तपासणी आणि रिपोर्ट तिन्ही जुळायला हवेत.

अशा दुखण्यावर इलाजही आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या १५१ लोकांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला 'तुमच्या पाठीला धोका नाही, घंटा हळवी झाली आहे' हे समजावत, भीती कमी करत चार आठवडे उपचार दिले. त्यांतले ६६ टक्के लोक दुखण्यातून पूर्ण किंवा जवळपास मुक्त झाले. दिखाऊ इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के, नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत १० टक्के. या लोकांच्या पाठीत गंभीर कारण नाही हे पाहूनच त्यांना घेतलं होतं, हे मात्र विसरू नका. आधी भिंत, मग भीती.

दोन आठवड्यांची वही

वरची धोक्याची लक्षणं नसतील, तर एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज पाच गोष्टी लिहा : काय व्यायाम केला, किती केला, कुठं दुखलं, दहापैकी किती दुखलं, आणि त्या दिवशी झोप व मन कसं होतं. वही घेऊन डॉक्टरकडे जा. बऱ्याचदा एमआरआयपेक्षा ही वही मला जास्त सांगते, आणि एमआरआय लागणार असेल तर तो का लागणार हेही सांगते.

हिशेब जुळला, म्हणजे इजेची शंका आली, तर त्या भागावरचा भार थांबवा. अंथरूण धरायची गरज नाही. पाय दुखावला तर हातांचा, पोटाचा व्यायाम चालू राहू शकतो. नडगीच्या चिरेला साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवावं लागतं, कधी जास्त. आणि कृपा करून दुखण्याचं इंजेक्शन घेऊन पळू नका. घंटेचा आवाज बंद केला म्हणून आग विझत नाही. उन्हात, घामात अशी औषधं मूत्रपिंडांनाही त्रास देतात.

तपासणीत इजा नाही असं ठरलं, तर व्यायाम सोडू नका, पण तो घड्याळावर बांधा. दहा मिनिटं ठरली तर दहाच, बरं वाटलं तरी पंधरा नाही आणि थोडं दुखलं तरी पाच नाही. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. झोप सुधारा. मनात साचलंय ते कुणाशी तरी बोला. बोलायला कुणी नसेल तर सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

आणि दोन्ही एकत्र असू शकतं, हे लक्षात ठेवा. भरतीच्या मुलाचं हाड दुखतं आणि झोपही उडालेली असते. झोप आणि जेवण नसलं की हाड भरून यायलाही वेळ लागतो. म्हणून 'शरीराचं की मनाचं' असं भांडण मी आता लावत नाही. मी विचारतो, "आत्ता इजा आहे का? आणि घंटा किती हळवी आहे?" दोन्हींची उत्तरं घेतो.

शेवटी दोन विनंत्या

पहाटे मुलांना पळवणाऱ्या प्रशिक्षकांना विनंती : १६०० मीटर असो की मुलींचं ८०० मीटर, वेळ एका महिन्यात कमी करायचा हट्ट धरू नका. पोराला एका बोटाच्या जागेवर दुखत असेल, तर 'मन घट्ट कर' म्हणू नका, थांबवा. त्याला बाजूला बसवणं म्हणजे त्याला कच्चा ठरवणं नव्हे.

आणि माझ्यासारख्या डॉक्टरांना विनंती : 'टेन्शन आहे' हा शब्द तपासणीच्या शेवटी वापरू या, तपासणीऐवजी नको.

काका आता रोज अर्धा तास चालतात. भावाशी अजून फारसं बोलत नाहीत, पण नातवाला उचलतात. तो मुलगा नोकरीला लागला आहे. आईचं बीपी तपासायला तिला घेऊन येतो, हसून बोलतो. मला तो कधी काही म्हणाला नाही. पण तेव्हापासून नडगी दुखणारा कुठलाही मुलगा आला की मी आधी खाली वाकतो, हाडावरून अंगठा फिरवतो आणि मगच त्याला घरची खुशाली विचारतो.